नाव मुंबईचे, मैदान दुबईचे

जिंकणाऱ्या संघांविषयी लिहिणारे पुष्कळ असतात. दिवाळी अंकांतून विक्रमवीरांची छायाचित्रे आणि त्यांच्या बालपणच्या आठवणी ह्यांची तर नुसती रेलचेल असते. मी आज लिहिणार आहे ते हरणाऱ्या, मोडणाऱ्या आणि कधी कधी हरता हरता शंभर वर्षे टिकून राहणाऱ्या संघांविषयी. हा विषय सणासुदीला शोभणारा नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात खेळणारा मुलगा आहे, त्या घरात आज ना उद्या हा प्रश्न निघतोच. आमच्या घरात तो निघाला, तोही क्रिकेटवरून नव्हे, तर बेसबॉलवरून!

माझी धाकटी बहीण जळगावला असते. तिचा मुलगा सॉफ्टबॉल खेळतो, आणि हंगाम आला की बेसबॉलही खेळतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण आमच्या खानदेशात हे दोन्ही खेळ अपरिचित नाहीत. शालेय स्पर्धांच्या यादीत ते आहेत, शाळा-कॉलेजांची मैदाने त्यांना पुरतात आणि जळगाव-धुळ्याची मुले हातात ते भले मोठे कातडी मोजे घालून चेंडू झेलताना दिसतात. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा आणि तो खालून हात फिरवून टाकायचा; बेसबॉलचा चेंडू लहान, टणक, आणि तो खांद्यावरून सणसणत यायचा. मैदानही त्याला मोठे लागते. बाकी चार ठाणी, नऊ गडी आणि धावून घरी परत येण्याची धडपड दोन्हीकडे सारखीच.

तर एके दिवशी हा भाचा मला म्हणाला, “मामा, आता मुंबईची पण प्रोफेशनल बेसबॉल टीम आहे. मुंबई कोब्रा!”

आमचे दाजी तिथेच बसले होते. ते कापसाच्या व्यवहारातले गृहस्थ. भाव ऐकल्याशिवाय कुठल्याही गोष्टीत जीव गुंतवायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. ते एवढेच म्हणाले, “मास्तर, तुम्हीच जरा बघून सांगा, ह्या टीमचं पुढे काय होईल? पोरगं बारावीचं वर्ष सोडून हिच्या मागे लागायला नको.”

मी धुळ्याच्या शाळेत तीस वर्षे मुलांना शिकवले. असा प्रश्न आला की वही-पेन्सिल घेऊन बसायची मला जुनी खोड आहे. मी बसलो. त्यातून जे हाती आले ते हे.

मुंबईचा नाग

बेसबॉल युनायटेड नावाची एक व्यावसायिक साखळी दुबईत उभी राहिली. २०२३ च्या नोव्हेंबरात तिने दुबईच्या क्रिकेट मैदानावर एक प्रदर्शनीय मालिका घेतली आणि २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला हंगाम खेळवला. अमेरिकेत नावाजलेले जुने खेळाडू बॅरी लार्किन आणि मारिआनो रिव्हेरा हे तिच्या पाठीराख्यांत आहेत. दुबईच्या मैदानाला लार्किन ह्यांचेच नाव दिले आहे. पहिल्या हंगामात संघ चार: मुंबई कोब्रा, कराची मोनार्क्स, अरेबिया वुल्व्ह्ज आणि मिडईस्ट फाल्कन्स. हिंदुस्थान-पाकिस्तानचा सामना लावला की गर्दी जमते, हे क्रिकेटवाल्यांकडून शिकलेले गणित इथेही मांडलेले दिसते. क्रिकेटच्या प्रेक्षकाला रस वाटावा म्हणून काही नवे नियमही काढले आहेत. ‘मनीबॉल’ म्हणून एक प्रकार आहे. तो पुकारलेला असताना फलंदाजाने चेंडू कुंपणाबाहेर मारला, तर धावा दुप्पट!

हे सगळे ठीक. पण मुंबई कोब्रा हा संघ आपला पहिला हंगाम मुंबईत खेळला नाही. चारही संघांचे सगळे सामने दुबईच्या त्या एकाच मैदानावर झाले. म्हणजे दादरच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाला आपल्या शहराच्या नावाचा संघ पाहायचा, तर पासपोर्ट काढणे आले. जळगावच्या माणसाची कथाच सोडा.

संघ नवा आहे, साखळी नवी आहे. पहिल्याच हंगामावरून त्याच्या खेळाचे माप काढणे अन्यायाचे होईल. चांगले खेळाडू पैसे टाकून आणता येतात. पण दाजींचा प्रश्न खेळाचा नव्हता. तो होता, “पुढे काय होईल?” आणि त्याचे उत्तर शोधायला मला दुबईला जावे लागले नाही. ते पुण्यातच सापडले.

सतराशे दोन कोटींचा संघ

२०१० च्या मार्च महिन्यात आय. पी. एल. क्रिकेटमध्ये दोन नवे संघ विकायला काढले. त्यांतला पुण्याचा संघ सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपयांना घेतला. स्पर्धेतल्या कोणत्याही संघाला तोवर एवढी किंमत आली नव्हती. नाव ठेवले पुणे वॉरियर्स इंडिया.

आम्ही खानदेशातली माणसे तेव्हा खरोखर हरखून गेलो होतो. मुंबईचा संघ आधीपासून होता, पण मुंबई कशी, थोरल्या भावकीतली! पुणे त्या मानाने जवळचे. घरटी एक तरी पोरगा पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेला. महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्री निघावे, सकाळी पुण्याला उतरावे. तेव्हा “आता आपला संघ आला” ही भावना जळगाव-धुळ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर मी स्वतः ऐकलेली आहे.

२०११ च्या पहिल्या हंगामात संघाने पहिले दोन सामने जिंकले. मग ओळीने सात हरला. त्या वर्षी पुण्याचे मैदान तयार नव्हते, म्हणून ‘घरचे’ सामने नवी मुंबईत नेरूळला झाले. दहा संघांत पुणे नववे आले. २०१२ साली गहुंजे येथे नवे कोरे मैदान उघडले. संघाने वानखेडेवर जाऊन मुंबईला हरवले, चेन्नईला हरवले. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तोच लागोपाठ नऊ पराभव झाले. नऊ संघांत पुणे नववे! २०१३ च्या हंगामातही मधले नऊ सामने ओळीने गेले, आणि नऊ संघांत आठवा क्रमांक लागला. तीन वर्षांत ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव आणि एक पावसाच्या पदरात. दर वर्षी विजय मात्र नेमके चारच. जणू कोणी नवस बोलला होता!

२३ एप्रिल २०१३ चा बंगळूरचा सामना तर कोणी विसरणार नाही. ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या, त्यांत १७ षटकार. शतक ३० चेंडूंत पुरे झाले. बंगळूरच्या २६३ धावा झाल्या आणि पुणे १३० धावांनी हरले. मी त्या वेळी धुळ्याला आत्याकडे होतो. घरात दहा-बारा माणसे, वर पंखा गरगरतोय आणि समोर गेलचे षटकार. ताटांतली शेवभाजी निवून गेली तरी कोणाचे लक्ष नव्हते. आत्याचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. क्रिकेटमधले तिला काही कळत नव्हते. पण पोरे फार हळहळत आहेत असे पाहून तिने अहिराणीत विचारले, “त्यामा आपला कोन शे?”

त्यात आपला कोण आहे? पोरे एकमेकांकडे पाहू लागली. पहिल्या वर्षीचा कप्तान युवराजसिंग, तो पंजाबचा. दुसऱ्या वर्षी युवराज कॅन्सरच्या उपचारांसाठी अमेरिकेत होता, तेव्हा कप्तान झाला सौरव गांगुली, तो कलकत्त्याचा. त्या वर्षी हा संघ ईडन गार्डन्सवर खेळायला गेला, तर निम्मे मैदान आपल्या ‘दादा’साठी पुण्याच्या बाजूने ओरडत होते, म्हणजे पुण्याला खरी माया मिळाली ती कलकत्त्यात! तिसऱ्या वर्षी धुरा आधी श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजकडे होती, मग ऑस्ट्रेलियाच्या ॲरन फिंचकडे गेली. गडी उत्तम होते, ह्यात शंका नाही. पण आत्याच्या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नव्हते.

संघ हरल्याने मेला नाही

आता खरी गोष्ट पाहा. पुणे वॉरियर्स हरत होते म्हणून बंद पडले असे आपण सहज म्हणतो. ते खरे नाही. संघ विकत घेताना हंगामात ९४ सामने होतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात ७४ झाले. तेव्हा किंमत कमी करा, असे मालकांचे म्हणणे. मंडळाला ते मान्य नव्हते. २०१२ च्या फेब्रुवारीत, खेळाडूंच्या लिलावाच्या ऐन दिवशी, मालकांनी अंग काढून घेण्याची घोषणा केली; मग समेट झाला. २०१३ च्या मे महिन्यात मंडळाने बँक हमी वटवली, आणि संघ आपण सोडत आहोत असे मालकांनी जाहीर केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये मंडळाने करार संपवला. भांडण होते ते कागदावरच्या रकमेचे. संघाने तिन्ही वर्षे चषक जिंकला असता, तरी ते भांडण मिटले असते असे नाही.

ह्याच्या मागोमाग आणखी एक नाटक झाले. चेन्नई आणि राजस्थान ह्या संघांवर दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ आणले. त्यांतला एक पुण्याच्या नावाचा, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. २०१६ साली तो आठांत सातवा आला. २०१७ साली त्याने कमाल केली. २१ मे रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला. मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. एका धावेने चषक हुकला! आणि दुसऱ्या वर्षी तो संघ कुठे होता? कुठेच नाही. मुदत संपली, दुकान उठले. तेव्हा नवव्या क्रमांकाचा संघ बंद झाला आणि दुसऱ्या क्रमांकाचाही झाला. क्रमांकाचा काही संबंधच नव्हता.

ह्यावर मीठ चोळावे तसा प्रकार २०१८ साली झाला. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटले, म्हणून चेन्नईने आपले घरचे सामने पुण्यात आणले. त्यांच्या चाहत्यांनी भरलेली खास आगगाडी चेन्नईहून पुण्याला आली! गहुंजेच्या मैदानात पिवळे सदरे घालून ती माणसे बसली होती. हजार-बाराशे किलोमीटर अंतर तोडून आपल्या संघामागे येणारी माणसे. मी ती दूरचित्रवाणीवर पाहिली, आणि आत्याचा प्रश्न मला पुन्हा आठवला.

एकशेआठ वर्षांचा वनवास

बेसबॉलचे माहेर अमेरिका, तेव्हा तिथे काय घडते तेही पाहायला हवे. शिकागो शहरात कब्ज नावाचा संघ आहे. त्याने १९०८ साली अजिंक्यपद मिळवले आणि नंतरचे मिळवले ते थेट २०१६ साली. मध्ये एकशेआठ वर्षे! त्या काळात दोन महायुद्धे झाली, आपला देश स्वतंत्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन आला. कब्ज मात्र हरतच होते. तरी त्यांचे रिग्ली फील्ड हे १९१४ साली बांधलेले मैदान ओस पडले नाही. आजोबांनी नातवाला न्यायचे, नातवाने पुढे आपल्या नातवाला. २०१६ साली विजय मिळाला तेव्हा लोकांनी मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावे लिहिली. खेळाडूंची नव्हेत, तर हा दिवस पाहण्याआधी वारलेल्या आपल्या आईबापांची आणि आजोबांची. हे वाचले तेव्हा, खोटे कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आले.

फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने २००७ साली आपला दहा हजारावा पराभव पाहिला. कोणत्याही खेळातल्या व्यावसायिक संघाने तोवर हा आकडा गाठला नव्हता. आणि पुढच्याच वर्षी, २००८ साली, तो अजिंक्य ठरला!

पण एवढ्यावरून “लोकांची माया असली की संघ अमर होतो” असा निष्कर्ष काढाल तर थांबा. मीही आधी तोच काढून बसलो होतो. ओकलंडची हकीगत वाचली आणि पेन्सिलीने त्यावर काट मारली. ओकलंडचा ॲथलेटिक्स हा संघ १९६८ पासून त्या गावात होता, गावकऱ्यांनी तो डोक्यावर घेतला होता. पुढे मालकाने खर्च आखडता घेतला, चांगले खेळाडू एकामागून एक गेले. २०२३ साली १६२ सामन्यांपैकी ११२ सामने संघ हरला. त्या वर्षी १३ जूनला लोकांनी उलटा बहिष्कार पुकारला. म्हणजे घरी बसायचे नाही, उलट मुद्दाम यायचे. २७,७५९ माणसे आली, आणि “संघ विका” असे लिहिलेले हिरवे सदरे घालून त्यांनी मालकाला सुनावले. मालकाने ऐकले नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. त्याला जवळजवळ ४७ हजार लोक रडायला जमले होते. संघ लास व्हेगासला नेण्याचे ठरले, आणि तिथले मैदान होईपर्यंत २०२५ पासून त्याने सॅक्रामेंटोजवळ भाड्याने बिऱ्हाड केले. म्हणजे गावाची माया होती, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता!

धुळ्याहून लहान गाव

तेव्हा माया आणि सातबारा ही दोन्ही एका ठिकाणी असतील तर काय होते? ह्याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे गाव आहे. वस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आमचे धुळे पावणेचार लाखांचे होते आणि जळगाव चार लाख साठ हजारांचे. म्हणजे ग्रीन बे हे धुळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नाही. त्या गावाचा पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे आणि तो न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांच्या पंक्तीला बसून खेळतो. १९२३ पासून तो भागधारकांच्या मालकीचा आहे. आज ह्या भागधारकांची संख्या पाच लाखांवर आहे. त्यांना लाभांश मिळत नाही, भाग नफ्याने विकता येत नाही. मिळतो तो भिंतीवर लावायला एक कागद. १९६८ नंतर जवळजवळ पंचवीस वर्षे हा संघ बहुतेक हरतच होता. त्याला कोणी दुसऱ्या गावी पळवून नेऊ शकले नाही, कारण विकायला मालकच नव्हता. आणि १९९७ च्या जानेवारीत तो पुन्हा अजिंक्य झाला.

हे वाचून आमच्या दाजींची मुद्रा पहिल्यांदा खुलली. “म्हणजे आपल्या जिनिंग सोसायटीसारखं!” ते म्हणाले.

आणि मग माझ्या ध्यानात आले की असा एक संघ आपल्याकडेही आहे. आपण त्याच्याकडे पाहत नाही इतकेच. रणजी स्पर्धेत खेळणारा महाराष्ट्राचा संघ! त्याने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ ह्या दोन वर्षी, संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर कप्तान असताना. त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. मधल्या काळात १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ साली अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली आणि तिन्ही वेळा हार झाली. १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्याला काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता. तोच मध्यंतरात प्रतिपक्षाने सामना सोडून दिला! अशा ह्या संघाच्या नशिबी ‘जवळजवळ’ हा शब्दच फार. आणि तरीही तो मोडला नाही. त्याने चंदू बोर्डे दिले, केदार जाधव दिला, ऋतुराज गायकवाड दिला. कारण हा संघ कोणा एकाने विकत घेतलेला नाही. मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेल्या महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून त्याची मुळे गेली आहेत, आणि त्यांत आमचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार आहेत. जिल्हा संघटना, निमंत्रितांच्या स्पर्धा, निवड चाचणी, अशी एक पाऊलवाट आहे. ती अरुंद आहे, खडकाळ आहे, तिच्यावर वशिल्याचे काटेही असतील. पण ती जळगावच्या मैदानापासून सुरू होते. आत्याने त्या संघाविषयी विचारले असते, तर उत्तर देता आले असते.

ह्याउलट, महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या सहा संघांत पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर ही नावे होती. खानदेशाचे नाव नव्हते. जिथे लिलावाने बोली लागते तिथे आमचा क्रम असा शेवटी येतो. केळी, कापूस आणि सोने ह्यांच्या बोलीत जळगावचा हात धरणारा कोणी नाही. पण खेळाडूंच्या बोलीत आम्ही प्रेक्षकच.

मग भाच्याला काय सांगितले?

आता दाजींच्या प्रश्नाचे उत्तर. मुंबई कोब्रा ह्या संघाचे भवितव्य मला उजळ दिसत नाही. तो चांगला खेळेल की वाईट, ह्यावर ते अवलंबून नाही. ज्या गावाचे नाव तो लावतो त्या गावात तो पहिला हंगाम खेळला नाही. त्या गावातल्या शाळांतून त्याच्यापर्यंत जाणारी वाट अजून नीट आखलेली नाही. साखळीचा पैसा दुबईत, प्रेक्षक दूरचित्रवाणीपुढे. अशा संघाला एखाद्या वर्षी तोटा आला, तर तो वाचवण्यासाठी रस्त्यावर कोण येणार? पुणे वॉरियर्स बंद झाले तेव्हा गहुंजेला कोणी रडायला जमले नव्हते.

पण मी भाच्याला खेळ सोड असे सांगितले नाही. उलट आम्ही तिघांनी बसून हिशेब केला. २००८ साली उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेकीतली दोन मुले एका स्पर्धेतून निवडली गेली आणि थेट अमेरिकेत पिट्सबर्गच्या बेसबॉल संघटनेत करारबद्ध झाली. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. दिनेश दोनेक वर्षांत घरी परतला; रिंकूने अनेक वर्षे खालच्या दर्जाच्या संघांत झुंज दिली आणि शेवटी तो तिकडच्या व्यावसायिक कुस्तीत गेला. म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण लाखांत दोन आत गेले आणि तेही पहिल्या माजघरापर्यंत पोचले नाहीत. ह्या भरवशावर बारावी सोडणे म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर घर बांधणे.

दुसऱ्या बाजूला, आपल्या राज्यात खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव आहेत. आमच्या जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपनीने खेळाडूंना कामावर घेऊन मुंबईच्या टाइम्स शील्ड स्पर्धेत खेळणारा क्रिकेट संघ उभा केला. हे काही कोट्यवधींचे लिलाव नव्हेत. त्यात आतषबाजी नाही, नाचणाऱ्या पोरी नाहीत. पण त्यात महिन्याचा पगार आहे आणि संध्याकाळी मैदान आहे. बेसबॉलला अशी चार कार्यालये, चार कंपन्या, चार नगरपालिका मिळाल्या, तर दुबईच्या आधी जळगावातच खरा व्यावसायिक संघ उभा राहील.

दाजींना हे पटले. भाच्याला अर्धेच पटले. त्याने विचारले, “पण मामा, त्यांची मॅच बघायला काय हरकत आहे?”

काहीच हरकत नाही. जरूर बघावी. चेंडू कसा सोडतात, हात कसा वळवतात, ते शिकावे. फक्त संघाच्या नावात आपल्या गावाचे नाव आहे, एवढ्यावर जीव टाकू नये.

आणि वाचकहो, तुम्हालाही एक विनंती. दिवाळीची सुट्टी आहे. तुमच्या गावातल्या, पेठेतल्या, शाळेच्या मैदानावर ह्या दिवसांत कुठला तरी संघ खेळत असेल. बहुधा तो हरत असेल. प्रेक्षक म्हणून चार पालक आणि दोन कुत्री एवढीच हजेरी असेल. मुलांना घेऊन अर्धा तास तिथे जाऊन उभे राहा. कोणी विचारले, ह्यात तुमचा कोण आहे, तर उत्तर शोधावे लागणार नाही. शेजारच्यांचा मुलगा तिसऱ्या ठाण्यावर उभा असेल.